नळाचा आवाज

९ जानेवारी

मापट्या,

लिफाफ्यावर आईचं अक्षर आणि आत माझं, हे पाहून तू घाबरशील किंवा पत्र तसंच बाजूला ठेवशील. म्हणून आधीच सांगतो, आईला काहीही झालेलं नाही. गुडघा कुरकुरतो, तेवढंच. तुझा पत्ता ती मला दाखवत नाही. मी कागदाची घडी करून द्यायची, ती लिफाफ्यात घालणार, पत्ता लिहिणार आणि स्वतः पेटीत टाकून येणार, असा आमचा करार झाला आहे. तुझा फोन मी दुकानात असतो त्या वेळी येतो, हेही मला ठाऊक आहे. घरी गेलो की तिच्या चेहऱ्यावरून कळतं. विचारत मात्र नाही.

दुकान चालू आहे. दुरुस्तीला लोखंडी वजनं घेऊन येणारे कमी झाले. आता सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आले आहेत. त्यांचं काम मी माझं मीच शिकलो, दोन बिघडवले तेव्हा तिसरा सुधारला. पण अजून कुणी किराणावाला पिशवीभर वजनं टेबलावर ओततो आणि म्हणतो, ‘यातलं एक खोटं आहे, बघा.’ मी त्याला सांगतो, वजन खोटं नसतं, हलकं असतं किंवा जड असतं. खोटा असतो तो माणूस. लोक हसतात. तू लहानपणी टेबलाखाली बसून हे वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवायचीस.

आता कारण लिहितो. मंगळवारी तुझे मैदानावरचे शिट्टीसर दुकानात आले. केस पिकलेत, शिट्टी अजून गळ्यात आहे. स्टुलावर बसले आणि बराच वेळ पारड्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, ‘एक पोरगी मिळाली आहे. भिंगरी म्हणतो आम्ही. पळते कसली, जमिनीला पाय लागत नाहीत तिचे.’

मी म्हटलं, ‘छान.’

‘छान कसलं. तपासणीत तिचंही तेच आलंय. तुमच्या मुलीसारखं.’

शर्यती घेणाऱ्या संघटनेला त्या पोरीने गोळ्या घेऊन पळावं असं वाटतं. घरी फक्त आई आहे, ती घाबरली आहे. सर म्हणाले, ‘तुम्ही एकदा जाऊन बोला. यातून गेलेलं घर आहे तुमचं. डॉक्टरपेक्षा तुमचं ऐकतील.’

मी हो म्हणालो. तुझं नाव घेणार नाही, हे इथे लिहून देतो.

बाबा


१६ जानेवारी

मापट्या,

जाऊन आलो. तुझं नाव घेतलं.

ते कसं झालं ते सांगतो, म्हणजे मी मुद्दाम घेतलं असं तुला वाटणार नाही. भिंगरीची आई लाँड्रीत काम करते आणि त्या लाँड्रीच्याच मागच्या खोलीत दोघी राहतात. मधली भिंत पातळ आहे. पलीकडे इस्त्रीचं यंत्र दाबलं की इकडे कपबशी हलते. खोलीत ओल्या सुताचा वास आणि दोरीवर परक्या लोकांचे शर्ट. बाई एकेक शर्ट काढून घडी घालत होती आणि माझं ऐकत होती. भिंगरी खाटेवर पाय दुमडून बसली होती. पायच पाय आहे नुसती, तुझ्यासारखी.

मी नीट समजावून सांगितलं. बायकांच्या शर्यतीत पळायचं तर रक्तातलं एक हार्मोन ठराविक रेषेच्या खाली असावं लागतं, असा संघटनेचा नियम आहे. काही मुलींमध्ये ते जन्मापासूनच जास्त तयार होतं. त्यात त्यांचा दोष नाही, पण त्याने ताकद वाढते असं म्हणतात, म्हणून बाकीच्यांना बरोबरीची संधी मिळत नाही. गोळ्यांनी ते खाली आणता येतं. रेषेखाली आलं की पळायला मोकळी. बाई म्हणाली, ‘साहेब, माझी मुलगी मुलगीच आहे ना?’ मी म्हणालो, ‘त्याबद्दल प्रश्नच नाही, प्रश्न आकड्याचा आहे.’ हे मी फार शांतपणे बोललो आणि मला ते आवडलंही, खरं सांगायचं तर. एवढं स्वच्छ बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मग ती पोरगी बोलली.

‘काका, तुमच्या घरी कोण होतं असं?’

शिट्टीसरांनी सांगितलेलं नव्हतं. मी गप्प बसू शकलो असतो. म्हणालो, ‘माझी मुलगी.’ आणि तुझं नाव सांगितलं. पोरीने डोळेच मोठे केले. तुझा फोटो त्यांच्या मैदानाच्या ऑफिसात अजून लावलेला आहे म्हणे. मग तिने विचारलं, ‘ताईला गोळ्या घेताना बरं वाटायचं का?’

मी म्हणालो, ‘हो. पहिले काही दिवस थोडं जड वाटतं. मग सवय होते.’

बाईने हातातला शर्ट खाली ठेवला. इतका वेळ तिच्या खांद्यात काहीतरी आवळलेलं होतं, ते सुटलेलं मला दिसलं. ‘मग ठीक आहे,’ म्हणाली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं. बरं वाटायचं का, हे मी तुला कधी विचारलं नव्हतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना हो म्हणालो. एवढीच चूक झाली. कळवतो आहे.

बाबा


२४ जानेवारी

मापट्या,

मागचं पत्र आईने लिफाफ्यात घालण्याआधी वाचलं. करारात ते नव्हतं. ती ओट्याजवळ उभी होती, मी जेवत होतो.

‘तुम्हाला माहीत नव्हतं?’

‘काय?’

‘पोरीला बरं वाटत नव्हतं ते.’

‘ती कधी काही बोलली का?’

‘सकाळी न्हाणीघरात नळ सोडून बसायची. भांड्यात पाणी किती साचायचं आणि नळ किती वेळ चालायचा, ते तुमच्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला कळलं नाही?’

मी म्हणालो, ‘नळ चालू असायचा, एवढं आठवतं.’

‘आणि तुम्ही काय करायचात?’

मी उत्तर दिलं नाही. ती माझ्यापुढचं ताट घेऊन गेली. भात राहिला होता.

आता सगळंच लिहितो, कारण तुला ते माहीतच आहे आणि मी मात्र कागदावर आजवर टाळलं. तुझ्या रिपोर्टात एक शब्द होता. आंतरलिंगी. दोन वर्षं मी त्याला ‘ते’ म्हणत आलो. लिहून पाहिला, कागद काही फाटला नाही.

डॉक्टरांच्या गोळीने तू रेषेच्या खाली आलीस, पण जेमतेम. आमच्या धंद्यात असं वजन कुणी शिक्क्यासाठी निरीक्षकापुढे ठेवत नाही. तळाच्या भोकातलं शिसं थोडं जास्त खरवडायचं, म्हणजे उद्या हवा बदलली तरी ते पलीकडे जाणार नाही. काठावर ठेवायचं नसतं, हे मी हजार वेळा म्हणालो असेन. म्हणून मी अर्धी गोळी वाढवली. डॉक्टरांना विचारलं नाही. तुला सांगितलं, डॉक्टरांनीच वाढवली. ब्लेडने कापायचो आणि सोनं तोलायच्या बारीक काट्यावर काचेच्या पेटीत तोलायचो, दोन्ही अर्ध्या सारख्या भराव्यात म्हणून. त्यातही मला कौतुक होतं, माझ्या हाताचं.

तू डबा घेऊन दुकानात आलीस तेव्हा ते सगळं टेबलावर होतं. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू काचेत वाकून पाहिलंस. मग तुझा हात उताणा करून टेबलावर ठेवलास, निरीक्षकासाठी मी वजन उलटं ठेवतो तसा, आणि म्हणालीस, ‘शिक्का मारायचा राहिला, बाबा.’

त्याच आठवड्यात तू घर सोडून गेलीस. पळणंही तेव्हाच सुटलं.

मैदानावर परवा ती लाल रिबीनवाली भेटली, नेहमी तुझ्या मागे दुसरी यायची ती. आता लहान पोरींना शिकवते. मी तिला विचारलं, खरं सांग, नियम बरोबर होता का? ती म्हणाली, ‘काका, ताई गेल्यावर मी पहिली आले तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? मीसुद्धा पहाटे उठूनच पळत होते. पण मला कुणी गोळ्या घ्यायला सांगितल्या असत्या तर माझ्या आईने सरांना झाडूने हाकललं असतं.’ मग म्हणाली, ‘तिच्या मागे असताना मी जास्त जोरात पळायचे. तेही खरं आहे.’

यातलं नेमकं काय कुठल्या पारड्यात टाकायचं, मला कळत नाही. आमच्याकडे सोपं आहे. निरीक्षकाच्या कचेरीत मखमलीच्या पेटीत प्रमाण वजन ठेवलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहायचं. प्रमाण मुलगी कुठल्या पेटीत ठेवली आहे, हे मी त्या वेळी संघटनेला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला नियम समजला याचाच मला एवढा अभिमान होता.

बाबा


२ फेब्रुवारी

मापट्या,

आज दुकानात भिंगरीची आई आली होती. हातात औषधाची पुडी. बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, ‘सर म्हणाले, तुमच्याकडे बारीक काटा आहे.’

‘आहे.’

‘डॉक्टरांनी एक सांगितली आहे. पण सर म्हणतात, काठावर ठेवू नका, वर अर्धी द्या. तुम्ही ताईला देत होता तशी. मला कापता येत नाही, चुरा होतो.’

काठावर ठेवू नका. हे शिट्टीसरांचं वाक्य नाही. मी तेव्हा मैदानाच्या पायरीवर बसून मोठ्या तोऱ्यात त्यांना माझा हिशेब समजावला होता आणि ते मान डोलावत म्हणाले होते, ‘काय डोकं आहे हो तुमचं.’ त्यांनी ते नीट लक्षात ठेवलं.

बाईने पुडी काचेवर ठेवली. मी ब्लेड काढलं. हे तुला कळायला हवं, मापट्या, मी ब्लेड काढलं. काटा शून्यावर आणला. गोळी चिमट्याने उचलली. सगळं हात आपोआप करत होते आणि मला कसलाही त्रास होत नव्हता. बाई पाहत होती. म्हणाली, ‘तुमचा हात किती स्थिर आहे.’

तेव्हा मी चिमटा खाली ठेवला. म्हणालो, ‘हे कापायचं नाही.’

‘का?’

‘डॉक्टरांनी सांगितलेलं नाही म्हणून.’

‘पण तुमच्या मुलीला...’

‘तिलाही सांगितलेलं नव्हतं. ते मी केलं.’

ती पुडी गुंडाळू लागली. तिच्या हाताला घाई झाली होती, जणू पुडी माझ्या टेबलावर जास्त वेळ राहिली तर बिघडेल. मी म्हणालो, थांबा, अजून एक आहे. मग सांगितलं. त्या दिवशी तुमच्या मुलीने विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो. माझ्या मुलीला बरं वाटत नव्हतं. ती रोज सकाळी ओकायची.

‘तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’

आईला मी जे उत्तर दिलं नाही ते त्या बाईला दिलं. नळ चालू असायचा. त्या नळाच्या आवाजामागचा आवाज मी ओळखत होतो. काट्याची जराशी करकर दुकानाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू येणारा माणूस आहे मी. मी रेडिओ मोठा करायचो.

बाईने पुडी मुठीत घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘तुमच्यामुळे मी त्या रात्री शांत झोपले होते.’ आणि गेली.

भिंगरी काय करणार आहे ते मला ठाऊक नाही. गोळ्या सुरू झाल्या की नाहीत, तेही नाही. तुझ्या नावावर विश्वास ठेवून त्या दोघी तेव्हा तयार झाल्या होत्या आणि ते नाव मी वापरलं. ते फक्त तूच परत घेऊ शकतेस. लाँड्रीचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. माझ्याशी बोलू नकोस, पण तिच्याशी बोल. हे मी तुझ्याकडे मागतो आहे. मागायचा हक्क उरलेला नाही, हे समजून मागतो आहे.

बाबा


२० फेब्रुवारी

मापट्या,

तू फोन केलास. मला आईने सांगितलं नाही, लाँड्रीवाल्या बाईने सांगितलं. दुकानासमोरून जाताना पायरी न चढता, रस्त्यावरूनच म्हणाली, ‘तुमच्या मुलीचा फोन आला होता. भिंगरीशी बोलली. मला ऐकू दिलं नाही.’ मग जायला निघाली आणि परत वळली. ‘या एकदा. पोरगी तुम्हाला काहीतरी विचारायचं म्हणते.’

मी काल गेलो. या वेळी मला स्टूल दिलं नाही, तेव्हा दारातच उभा राहिलो. इस्त्रीचं यंत्र बंद होतं. भिंगरी बुटांची नाडी ओवत होती.

‘काय म्हणाली ताई?’ मी विचारलं. राहवलं नाही.

‘ते तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.’

‘बरं.’

‘एकच विचारायचं आहे. ते मला कळलं नाही. ती म्हणाली, गोळ्या घे किंवा घेऊ नको, ते तुझं तू ठरव, मी सांगणार नाही. पण घेतल्यास तर नळ बंद ठेव. मी ओकण्याचा आवाज बाहेर जायला नको म्हणून नळ सोडायचे, बाबांना वाईट वाटेल म्हणून. तू सोडू नकोस. असं का म्हणाली? पाण्याचा काही संबंध असतो का?’

मापट्या, मला वाटत होतं की तू नळ माझ्यापासून लपवायला सोडत होतीस, मी अडवीन किंवा रागावेन म्हणून. माझ्यासाठी सोडत होतीस, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तू मला वाचवत होतीस आणि मी रेडिओ मोठा करत होतो. एका घरात दोन माणसं एकच आवाज बुडवत होती.

मी तिला म्हणालो, ‘पाण्याचा संबंध नसतो. तुझ्या आईला ऐकू गेलं पाहिजे, एवढंच.’

बाई कोपऱ्यातून म्हणाली, ‘गेलं ऐकू.’

मग तिने सांगितलं. भिंगरीने गोळ्या सुरू केल्या होत्या, स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. काही सकाळी ठीक गेल्या. मग एका सकाळी मोरीत बसली आणि नळाला हात लावला नाही. ‘मी पलीकडे यंत्रावर होते,’ बाई म्हणाली. ‘यंत्राच्या आवाजातही कळलं. आईला कळतं.’ हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. यंत्र तसंच सोडून आली, एक शर्ट जळाला, त्याचे पैसे मालक कापणार आहे. पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि पोरगी म्हणाली, ‘आई, हे मला नको.’ संपलं. सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, ‘एवढ्यासाठी सगळं सोडायचं? सवय होते.’ बाईने त्यांना विचारलं, ‘कुणाला झाली?’

एवढंच लागत होतं, मापट्या. कुणीतरी यंत्र सोडून यायचं होतं.

आता भिंगरीला बायकांच्या शर्यतीत घेणार नाहीत. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘काका, मग मी कुणाबरोबर पळू?’ इतक्या साधेपणाने विचारलं, जणू मी पत्ता सांगणार आहे. ‘माहीत नाही,’ म्हणालो. तिने मान हलवली. माझं खरं बोलणं तिने पहिल्यांदा ऐकलं असेल. मग नाडी घट्ट करून रस्त्याने पळत गेली, एकटीच, कोपऱ्यापर्यंत. मी वेळ मोजली नाही. मोजायचं मनात आलं, म्हणून हात खिशात घातले.

घरी येऊन हे सगळं लिहिलं आणि घडी करून तुझ्या आईपुढे ठेवलं. तिने वाचलं नाही. लिफाफा आणून दिला, कोरा. शेजारी एक चिठ्ठी ठेवली, त्यावर तुझा पत्ता तिच्या अक्षरात. म्हणाली, ‘आज तुम्ही लिहा.’

मी विचारलं, ‘तिने सांगितलं?’

‘तिने नाही. मी ठरवलं. पण तिथे जायचं नाही. बोलावल्याशिवाय पायरी चढायची नाही.’

‘नाही चढणार.’

पत्ता उतरवून घेतला. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस. जिना चढताना आता दम लागतो का, हे मला या पत्त्यावरून कळत नाही. तुला कसं वाटतं?

बाबा